दोन्ही राज्यांत चालणारं केळं

घरात तह झाला तेव्हा ठमी तीन आठवड्यांची होती, आणि तहावर तिचीही सही होती. सही म्हणजे काय, शाईच्या पॅडवर टाच दाबून कागदाच्या तळाशी उमटवलेला ठसा. तेवढ्यात पोरीने असा काही गळा काढला, की शेजारची बाई धावत बघायला आली. बाप चष्म्यांचं दुकान चालवणारा चष्मेवाला, आई पोहणं शिकवणारी मास्तरीण. दोघांनी ठशाच्या दोन बाजूंना आपापल्या सह्या ठोकल्या आणि कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाकला.

भानगड अशी, की चष्मेवाला व्हीगन होता. नुसता शाकाहारी नव्हे बरं का! शाकाहारी माणूस निदान दूध पितो, दह्यावर ताव मारतो. ह्याच्या तोंडी दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मधाचं बोटसुद्धा नाही. विशीत असताना एका उन्हाळ्यात त्याने गुरांच्या एका मोठ्या गोठ्यावर नोकरी धरली होती. एक-दोन दिवसांचं वासरू गाडीत चढवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि वासराची आई मागे दिवसभर हंबरत राहायची. नोकरी सुटली, ते हंबरणं काही कानांतून सुटलं नाही. पण त्याने कधी कुणाला व्याख्यान झोडलं नाही, कुणाच्या ताटात डोकावून नाक मुरडलं नाही. आपलं आपण सोडलं आणि गप्प बसला.

मास्तरीणबाईंचं सगळंच वेगळं. पहाटे पाचला तलावावर हजर, दिवसातून चार तास पाण्यात, आणि त्यामुळे भूक अशी की बघणाऱ्याने बघत राहावं. नंबरचा पोहण्याचा चष्मा करून घ्यायला म्हणून ती त्याच्या दुकानात आली होती. चष्मा तयार झाला, पण नंबर पुन्हा तपासायच्या निमित्ताने त्याने तिला तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अरे, सरळ जेवायला चल म्हण की!" जेवायला गेले, तिने समोर बसून चांगली अर्धी कोंबडी फस्त केली, आणि हा उकडलेले बटाटे चिवडत तिच्याकडे बघत राहिला. प्रेमात पडलेल्या माणसाला कोंबडी दिसते कुठे?

लग्नानंतर दोघांचं छान जमलं. तवे दोन, लाल दांडीचा तिचा, काळ्या दांडीचा ह्याचा. फ्रिजमध्ये वरचे दोन कप्पे ह्याचे, खालचे तिचे. गाडं अडलं ते पोटात बाळ आल्यावर. पोरगी काय खाणार? महिनाभर दोघं भांडले, मग थकले, मग कागद घेऊन बसले. सात वर्षांची होईपर्यंत ठमीने घरात बाबाचं जेवण जेवायचं, जीवनसत्त्वांच्या औषधाचे थेंब, डॉक्टरांची तपासणी, सगळं वेळच्या वेळी. सातवा वाढदिवस झाला की तिचं तिने ठरवायचं, आणि कुणीही तिला आपल्या बाजूला ओढायचं नाही. शेवटचं कलम चष्मेवाल्यानेच सुचवलं होतं आणि दोघांनाही त्याचा फार अभिमान होता. दुसऱ्याच्या ताटाची चौकशी करायची नाही. ठमी बाबाबरोबर काय जेवली, हे आईने विचारायचं नाही, आईबरोबर काय जेवली, हे बाबाने विचारायचं नाही. हेरगिरी नको, उलटतपासणी नको. पाहुणे आले की मास्तरीण कपाट उघडून तो कागद दाखवायची, आणि पाहुणे म्हणायचे, वा, काय समजूतदार माणसं आहात!

सात वर्षं दृष्ट लागावी अशी गेली. ठमी वाटाणे, घेवडा, बटाटे, भात, पाव, सगळं चाटूनपुसून खायची आणि "मस्त!" म्हणायची. उंची बरोबर, वजन बरोबर, दात पडायचे तेव्हा पडले, यायचे तेव्हा आले. डॉक्टरीणबाई तक्त्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "काही चिंता नको." चष्मेवाल्याची छाती दोन इंच फुगायची.

मग सातवा वाढदिवस आला.

टेबलावर दोन भांडी आली. एकात मास्तरणीची कोंबडी, दुसऱ्यात चष्मेवाल्याचा घेवडा. ठरल्याप्रमाणे आई म्हणाली, "ठमे, तुला काय वाढू?" आणि दोघं गप्प बसले. ठमीने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. मग म्हणाली, "दोन्ही थोडं थोडं." कोंबडीचा तुकडा तोंडात गेला आणि मास्तरीण नकळत गुणगुणायला लागली. घेवड्याचा घास गेला तसा चष्मेवाल्याने रोखून धरलेला श्वास सोडला. जेवणानंतर तो काळ्या दांडीचा तवा पाऊण तास घासत उभा होता. तव्याला काही लागलेलंसुद्धा नव्हतं. तोंडाने कुणी अवाक्षर काढलं नाही, तहाचं पालन अगदी काटेकोर झालं, आणि ठमी खुर्चीत बसून हे सगळं बघत होती.

त्यानंतरचा घरचा दिनक्रम सांगायला हवा, कारण इथेच घोडं पेंड खात होतं. ठमी शाळेतून थेट बापाच्या दुकानात यायची. साडेसहाला दुकान बंद करून दोघं घरी. चष्मेवाला सातला जेवायचा. मास्तरणीची संध्याकाळची तुकडी आठला सुटायची, ती साडेआठला घरी येऊन जेवायची. आधी ठमी सातलाच बापाबरोबर जेवायची. आता ती म्हणायला लागली, "बाबा, मी आज आईबरोबर जेवते." त्याच्या काळजात बारीक कळ यायची, पण तो म्हणायचा, "बरं हं." आणि मास्तरीण आली की तो मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन काचा घासायला बसायचा. का, तर पोरीने आईच्या पुढ्यात मोकळेपणी जेवावं, आपलं तोंड तिला दिसू नये. किती तो सभ्यपणा! आतून त्याला ताट-वाट्यांचा आवाज यायचा आणि वाटायचं, जेवताहेत मायलेकी.

बाहेर ठमी आईला सांगत असायची, "मी बाबाबरोबर जेवले." मास्तरणीच्याही काळजात तीच कळ यायची. तीही म्हणायची, "बरं हं." काय जेवलीस, किती जेवलीस, हे विचारायची सोय नव्हती. ते कलम होतं ना!

रविवारी तिघं एकत्र बसायचे तेव्हा ठमीच्या पोटात दुखायचं. कोरडा भात चिवडायची, पावाचा तुकडा चघळायची. घरातली केळी मात्र भराभर संपायला लागली. चष्मेवाल्याला वाटलं, बायको पोहून आल्यावर खात असेल. मास्तरणीला वाटलं, नवरा त्याच्या त्या ओट धान्याच्या दुधात घुसळून पीत असेल. केळ्याचं असं होतं, की त्यावर कुणाचाच हक्क नव्हता. दोन्ही राज्यांत चालणारी वस्तू ती. पावाचंही तसंच. चार महिने ती पोर पावावर आणि केळ्यांवर जगली, आणि घरात दोन मोठी, शिकलेली, जीव टाकणारी माणसं असून एकालाही पत्ता नव्हता.

कळलं ते तलावावर. गुरुवारी मुलांची तुकडी असायची, ठमीही त्यात होती. उडी मारून वर आली तर पोहण्याच्या पोशाखाचा पट्टा खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आलेला. मास्तरणीने तो वर केला, तो पुन्हा घसरला. हाच पोशाख गेल्या वर्षी अंगाला घट्ट व्हायचा. तिने ठमीला पाण्याबाहेर ओढलं, टॉवेलात गुंडाळलं, आणि टॉवेलातून तिच्या हाताला पोरीची एकेक बरगडी लागली.  शिट्टी दुसऱ्या मास्तरांच्या हातात कोंबून ती ओल्या केसांनीच घरी आली.

ठमीला कोरडे कपडे घालून तिने तिच्या खोलीत बसवलं आणि चष्मेवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. ठमीला बरं नाही, लगेच घरी ये, असा निरोप मिळाल्यामुळे तोही धापा टाकत नुकताच पोचला होता.

"काय खायला घालतोस रे तिला?"

"मी?"

"नाहीतर कोण? कलम गेलं खड्ड्यात, मी आज विचारणार! बरगड्या मोजता येताहेत पोरीच्या. सात वर्षं तुझं ऐकलं, एका शब्दाने बोलले नाही. आता तरी तिला पोटभर काही मिळू दे!"

"अगं, पण ती तुझ्याबरोबर जेवते!"

"माझ्याबरोबर? रोज मला सांगते, बाबाबरोबर जेवले म्हणून!"

 पुढचा आरोप मास्तरणीच्या ओठांवर आलेला होता, तो तिथेच राहिला.  चार महिन्यांच्या संध्याकाळी चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढून गेल्या, आतल्या खोलीत काचा घासताना ऐकलेला तो ताटांचा आवाज, एकाच ताटाचा.

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, रक्त तपासलं. अडीच किलो वजन उतरलेलं, अंगातलं रक्त कमी झालेलं. चष्मेवाल्याने विचारलं, "माझ्या जेवणामुळे झालं का?" आवाज असा, की बाईंनाच कसंसं झालं. त्या म्हणाल्या, "सात वर्षं तुमच्याच जेवणावर ती ठणठणीत होती. वाटाण्यांनी काही बिघडलं नाही आणि कोंबडीनेही बिघडलं नसतं. ती जेवतच नाहीये. शाळेतसुद्धा पाव घेते म्हणाली, घरी कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून. हे बघा, आठवडाभर बघू. वजन वाढलं नाही तर दाखल करून घ्यावं लागेल, नळीने भरवावं लागेल. मला ते करायचं नाहीये."

झालं! दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या आठवड्यात दोघांनी त्या पोरीची जी विनवणी केली, ती बघवत नव्हती. चष्मेवाला मुद्दाम हसून म्हणायचा, "ठमे, आईची कोंबडी खा ना, मला काही वाटत नाही." ठमी त्याच्या हसण्याकडे बघायची आणि म्हणायची, "भूक नाही." मास्तरीण म्हणायची, "बरं, बाबाचे वाटाणे खा, मला उलट आनंद होईल." ठमी तिच्याकडे बघायची आणि म्हणायची, "भूक नाही." घरात सूप झालं, खीर झाली, सोयाची झाली, दुधाची झाली, प्रत्येक वेळी दोन वाट्या, प्रत्येक वेळी "कुठली देऊ?" आणि प्रत्येक वेळी ठमीचं पोट दुखायचं. सहाव्या दिवशी सकाळी वजन केलं, तर आणखी दोनशे ग्रॅम खाली. मास्तरीण न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडली. चष्मेवाला बाहेर दाराला टेकून उभा राहिला. त्याला वाटत होतं, हे सगळं आपल्यामुळे. आपण गुपचूप कोंबडी खाल्ली असती, तर आज आपली पोर जेवत असती.

तशाच मनाने तो दुकान उघडून बसला. दुपारी एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, अशी तक्रार होती. चष्मेवाल्याने तिला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर ती जाड तपासणीची फ्रेम चढवली, आणि एकेक काच घालून विचारायला लागला. "हे स्पष्ट, की हे? पहिलं, की दुसरं?" मुलगी म्हणाली, "पहिलं." काचांची अदलाबदल करून पुन्हा विचारलं, तरी "पहिलं." मग "दुसरं." मग "दोन्ही सारखंच." आणि दर उत्तराआधी ती मान वळवून आईकडे बघत होती. आई बिचारी हाताची घडी घालून, चष्मा लागू नये म्हणून मनातल्या मनात धावा करत बसलेली.

हे त्याच्यासाठी रोजचंच होतं. त्याने रोजच्यासारखं सांगितलं, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का? ती अक्षरं वाचत नाहीये, तुमचं तोंड वाचतेय."

बोलून गेला, आणि हातातली काच हातातच राहिली.

बाई बाहेर गेली. त्याने मुलीला विचारणंच बंद केलं. लहान मुलांना फार विचारायचं नसतं, हे त्याला कामाला लागल्यापासून माहीत होतं. पहिलं की दुसरं असं विचारत सुटलं की पोरं दमतात, घाबरतात, समोरच्याला आवडेल ते सांगतात. त्यासाठी एक छोटी बॅटरी असते. तिचा उजेड डोळ्यात टाकायचा, आपण बघायचं, आपण मोजायचं, आणि नंबर आपल्या जबाबदारीवर लिहायचा. त्याने तसा तो लिहिला. पंधरा वर्षं परक्या पोरांच्या बाबतीत जे कळत होतं, ते स्वतःच्या पोरीच्या बाबतीत कळायला तिच्या बरगड्या दिसाव्या लागल्या. त्याला स्वतःचा असा संताप आला, की बाई गेल्याबरोबर त्याने दुकानाचं शटर खाली ओढलं आणि तलावाचा रस्ता धरला.

मास्तरीण काठावर उभी होती. पाण्यात पंधरा पोरं तरंगायच्या निळ्या पाट्या धरून पाय झाडत होती. क्लोरीनचा वास आणि नुसता कालवा.

"आपण तिला विचारायचं नाही," चष्मेवाला म्हणाला.

"काय?"

"विचारायचं नाही! काय वाढू, कुठलं देऊ, काही नाही. आपण तिला काय खायचं ते विचारलंच नाही कधी. आपण विचारलं, तू कुणाची?"

मास्तरणीने शिट्टी तोंडात धरली होती, ती काढली. "मी तर एक शब्द बोलले नव्हते रे."

"मीही नव्हतो बोललो. तवा घासत होतो."

"मी गुणगुणले," मास्तरीण हळूच म्हणाली. "वाढदिवसाच्या दिवशी. तिने कोंबडी खाल्ली आणि मला वाटलं, जिंकले. सात वर्षं थांबले होते ना. लाज वाटते आता." मग एकदम वळून ओरडली, "ए लाल टोपी, काठ सोड! मी बघतेय!" आणि पुन्हा त्याच्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. "मग करायचं काय?"

"दोन्ही वाढायचं. आपल्या हाताने. मी तुझं वाढतो, तू माझं वाढ."

"तू वाढणार? मासा आहे आज."

"हो."

"हात लावणार त्या चमच्याला?"

"लावेन बहुतेक. नाही लावता आला तर बघू."

त्या दिवशी मास्तरीण संध्याकाळची मोठ्यांची तुकडी दुसऱ्यावर टाकून लवकर घरी आली, आणि साडेसहाला तिघं एकाच वेळी टेबलाशी बसले. आधी चष्मेवाल्याने कपाट उघडून तो कागद काढला आणि चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. ठमी टक लावून बघत होती. तिला वाटलं असावं, आता काहीतरी भयंकर होणार.

मास्तरणीने तिच्या ताटात दोन डाव वाटाणे वाढले. चष्मेवाल्याने माशाचं भांडं पुढे ओढलं. सतरा वर्षांत त्याने असल्या भांड्याला बोट लावलं नव्हतं. वाफ तोंडावर आली तसं त्याने तोंड बाजूला फिरवलं. त्याने एक तुकडा चमच्यावर घेतला, थोडा रस्सा टेबलावर सांडला, पण तुकडा ठमीच्या ताटात पोचला.

"मी नाही सांगितलं हं हे वाढायला," ठमी घाईघाईने म्हणाली.

"नाही. आम्ही वाढलं. तुला कुणी काही विचारलेलं नाही."

"बाबा, तुझं तोंड बघ कसं झालंय."

गेला आठवडाभर तो हसून दाखवत होता. आता त्याने हसू आणलं नाही. "हो, होणारच. मला वाईट वाटतंय, ठमे. हा मासा जिवंत होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. जाणारही नाही. पण ते माझं आहे. ते तू सांभाळायचं नाहीस. माझं मी सांभाळेन."

"आणि तू मासा टाकलास तर मलाही वाईट वाटेल," मास्तरीण म्हणाली. "मी रडेनसुद्धा. मग तोंड धुईन आणि कामाला जाईन. मोठ्या माणसांचं असंच असतं."

ठमी ताटाकडे बघत बसली. मग ताटालाच सांगितल्यासारखं हळू बोलली, "पण आपण तिघंच आहोत. मी बाबाचं खाल्लं की मी आणि बाबा, आणि आई एकटी. आईचं खाल्लं की बाबा एकटा. मी खूप दिवस विचार केला. चौथं कुणी असतं तर दोन-दोन झाले असते. पण नाहीये ना."

 सात वर्षांची पोर चार महिने उपाशीपोटी हे गणित सोडवत होती, आणि ते तिला ह्या दोघांनीच घातलं होतं. मास्तरणीने उठून आपली खुर्ची ठमीच्या खुर्चीला खेटून लावली. ती म्हणाली, "ए शहाणे, तू नव्हतीस तेव्हा आम्ही दोघंच होतो. तो त्याचं खायचा, मी माझं खायचे. रोज. ह्याच टेबलावर. तेव्हा कोण एकटं होतं? विचार त्याला."

"कुणीच नाही," चष्मेवाला म्हणाला. "उलट हिची बडबड ऐकून कान किटायचे."

"खरंच?"

"खरंच."

ठमीने वाटाण्यांचा एक चमचा खाल्ला. मग माशाचा तुकडा मोडून तोंडात घातला. दोघंही तिच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होते आणि दोघांनाही ते जमत नव्हतं. तिने पुन्हा मासा घेतला. पुन्हा घेतला. तुकडा संपला. वाटाणे ताटात तसेच होते.

"मासा छान आहे," ठमी म्हणाली. आणि जरा थांबून, "बाबा, तुझे वाटाणे अळणी असतात. नेहमीच असतात."

सात वर्षं रोज "मस्त!" ऐकलेल्या माणसाला ते भाल्यासारखं लागलं. मासा छान, वाटाणे अळणी, इतक्या सरळ शब्दांत त्याच्या घरात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा पडला. तो त्याने सावरला नाही, आणि ठमीने तो पुरता बघितला. मास्तरणीचा जीव खालीवर झाला, आता पोर चमचा खाली ठेवणार म्हणून.

"वाईट वाटलं तुला?" ठमीने विचारलं.

"वाटलं," तो म्हणाला.

"बरं," ठमी म्हणाली, आणि तिने माशाचं भांडं आपल्याकडे ओढलं.